त्र्याण्णव मार्कांचं लोणी

३ मार्च १९५५
आजपासून रोजनिशी. विस्कॉन्सिनमध्ये लोणी काढावं तर मीच, हे कुठेतरी लेखी असावं. गावच्या सहकारी डेअरीत चौदा वर्षं काढली. हल्ली लोक मेले मार्गारीन खातात, तेलाचं नकली लोणी. पिवळं मार्गारीन विकायला इथे बंदी, तर शेजारच्या इलिनॉयला जाऊन गाडी भरभरून आणतात. बाजारात लोणी उठत नाही, म्हणून सगळं सरकार विकत घेतं. तेव्हा आता एकाच जिभेला खूश करायचं. सरकारी तपासनीस प्रेस्कॉट.

८ मार्च
प्रेस्कॉट आला. पेटीत सळई खुपसली, हुंगलं, चाखलं, थुंकला. मला ब्याण्णव. नदीपलीकडच्या डेअरीतल्या हॅल्व्हर स्लेटेनला त्र्याण्णव. सलग चौथ्यांदा. वर्षाखेरीची बक्षिसाची ढाल पण त्यालाच जाणार. एका मार्कात काय असतं? जेवलो नाही.

९ मार्च
जेवलो नाही ते पोट बिघडलं म्हणून. बायको म्हणते, जळफळाटाने. लुडमिलाला मी ओळखतो तेवढी ती मला ओळखत नाही.

१४ मार्च
सहज पलीकडे गेलो. हॅल्व्हरने कॉफी पाजली, अख्खी डेअरी दाखवली, काही म्हणता काही लपवलं नाही. एवढा मोकळा माणूस लबाडच असणार. त्याची लोण्याची कोठी पांढरीशुभ्र. सापडलं! प्रेस्कॉट भिंतींना मार्क देतो.

२ एप्रिल
आमच्या कोठीला तैलरंग. दोन हात. लुडमिला म्हणाली, अहो, लोणी वास धरतं, घरात मला कांदासुद्धा झाकून ठेवायला लावता ना तुम्ही? धंद्यातलं बायकांना काय कळतंय. खिडकी उघडी ठेवलीय.

५ एप्रिल
अठ्ठ्याऐंशी. शेऱ्यात एकच शब्द, 'रंग'. नव्वदच्या खाली सरकार घेत नाही. पेट्या परत. चेअरमन म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघू. हवा दमट होती, त्याला मी काय करणार?
संध्याकाळी हॅल्व्हरचा फोन. त्याच्या भिंतींना साधा चुना आहे म्हणे, विचारायचं तरी होतंस. वर स्वतःची कोठी वापरायला देतो म्हणाला. जखमेवर मीठ चोळायची पण एक पद्धत असते.

१० मे
महिनाभर भिंती खरवडल्या. ब्याण्णव. त्याला त्र्याण्णव. प्रेस्कॉटला सर्दी झाली असावी.

७ सप्टेंबर
त्र्याण्णव. शेवटी मिळाले. हॅल्व्हरला किती, ते सहज विचारलं. प्रेस्कॉट म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? त्याची डेअरी गेल्या महिन्यात बंद पडली. तो इलिनॉयला मार्गारीनच्या कारखान्यात लागला. पगार दुप्पट, वर निळी गाडी. आता ढाल तुमचीच, या भागात दुसरं उरलंय कोण?

२० डिसेंबर
ढाल आली. लुडमिलाने कपाटावर ठेवली आणि म्हणाली, आता तरी हसा. हसलो.
मार्गारीन! लोणीवाल्याच्या जातीला काळिमा. निळी म्हणजे गडद निळी की फिकट, हे प्रेस्कॉटला धड सांगता आलं नाही.
हॅल्व्हरला नाताळचं पत्र टाकलं. तब्येतीची चौकशी केली. शेवटी एक ओळ घातली, तिकडे आणखी एखादा माणूस लागत असेल तर कळव.