लेबलावरची ओळ

ता. १४, मंगळवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तुझ्या कंपनीतल्या बाईंचा काल फोन आला होता. गुरुवारी पुढच्या बंदरावर टपाल जातंय, काही द्यायचं असेल तर द्या म्हणाल्या. तू तिथेच जहाजावरून उतरणार आणि विमानानं येणार, हेही त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे घरी पोचायच्या आधी हे तुझ्या हातात पडेल. तसंच व्हावं म्हणून लिहितेय.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. खिडकीची कडी सैल झाली होती, ती यांनी बसवली. मधमाश्यांच्या पेट्या ठीक आहेत. यंदा फुलं लवकर आली, माश्या जोरात आहेत. हे रोज सकाळी पेट्यांशी तासभर गप्पा मारतात आणि घरात आले की गप्प. आई तशीच आहे. परवा यंत्र काढलं, आता श्वास तिचा ती घेते. डोळे उघडते, पण बघते असं वाटत नाही. नर्स चांगली आहे. नळीनं भरवते.

फोनवर हे सगळं तुला सांगितलंच आहे. जे सांगितलं नाही ते फोनवर जमत नाही, कारण मी तोंड उघडलं की तू धीर द्यायला लागतोस. आणि मग तुझी लाईन जाते.

तुला आठवतं, आम्ही रॉयल जेली काढायला लागलो तेव्हा तू किती हसला होतास? "माश्यांची लाळ बाटलीत भरून विकणार का गं?" म्हणाला होतास. तू काम कधी पाहिलं नाहीस. एक दिवसाची अळी, रव्याच्या कणाहून लहान, सुईच्या टोकावर उचलायची आणि प्लास्टिकच्या इवल्याशा वाटीत ठेवायची. अशा तीस वाट्यांची पट्टी ज्या पेटीतली राणी काढून घेतलीय त्या पेटीत सोडायची. माश्यांना वाटतं, आता नवी राणी करायला हवी. त्या प्रत्येक अळीभोवती राणीसाठीचं पांढरं दाट खाद्य ओततात, तीच रॉयल जेली. तिसऱ्या दिवशी पट्टी बाहेर काढायची, चिमट्यानं अळी उचलून टाकून द्यायची आणि वाटी खरवडायची. तीस वाट्या खरवडल्या की बाटलीच्या तळाला कुठे थोडं दिसतं. मान धरते, डोळ्यांतून पाणी येतं. पण माझा हात त्यात बसला. बाटलीवर लेबलही मीच चिकटवते.

म्हणून गेल्या महिन्यात तुझा फोन आला तेव्हा मी हरखले. जहाजावरच्या आचाऱ्यानं तुला सांगितलं होतं, म्हाताऱ्या माणसांना ती फार चांगली, ताकद येते. तू म्हणालास, "धाकटे, तुझीच दे ना आईला. घरात एवढी चांगली वस्तू असताना आई अशक्त का राहावी?" तू 'चांगली वस्तू' म्हणालास. मी यांना दोनदा सांगितलं.

दादा, त्या लेबलावर खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. दमा असलेल्यांनी घेऊ नये. ती ओळ मी रोज चिकटवते. तुला ती माहीत नव्हती. मला होती.

मला वाटलं, एवढ्याशानं काय होणार. लोक उगाच लिहितात, आपल्यावर नको यायला म्हणून. आणि खरं सांगायचं तर मला तुला कळवायचं होतं की माझ्या हातच्या वस्तूनं आई उठून चालायला लागली.

पंधरा दिवसांपूर्वी, सोमवारी दिली, लाकडी चमच्याच्या टोकावर. आई म्हणाली, "आंबट आहे गं." मंगळवारी काही नाही. बुधवारी म्हणाली, "घशात खवखवतंय, ओठही जाड झाल्यासारखे वाटताहेत." मी म्हटलं, "आंबट असतं, तसं होतंच." आरसा मागितला तिनं. मी आणून दिला नाही, पट्टी काढायची वेळ झाली होती.

गुरुवारी ती नको म्हणाली. मान फिरवली. मी म्हटलं, "दादानं मुद्दाम सांगितलंय." मग तिनं घेतली. तुझं नाव काढलं की ती कशालाही नाही म्हणत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचाच उपयोग केला मी.

दहा मिनिटांत तिचा श्वास अडकला. तिचा दम्याचा पंप दिला, दोनदा, चारदा. काही फरक नाही. मानेवर लाल चट्टे आले. यांनी तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "आज काही नवीन खाल्लं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. ठरवून नाही म्हटलं. तिनं परत विचारलं, "औषध, पावडर, काहीही?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी दम्याचाच झटका धरून मास्क लावला. हे गाडी लावून, कागद भरून वर आले, तेव्हा पंधरा मिनिटं तरी झाली असतील. आल्या आल्या म्हणाले, "या आठवड्यात त्या रॉयल जेली घेत होत्या, ते सांगितलंस ना?" डॉक्टरीण माझ्याकडे एकदा बघून पळाली. मग ॲलर्जीचं इंजेक्शन आणलं. त्यानं चट्टे उतरले, श्वास मोकळा झाला. पण मेंदूला हवा कमी पडायची ती तोवर पडली होती.

मी डॉक्टरणीला नंतर गाठून विचारलं, आधी सांगितलं असतं तर? ती म्हणाली, "सांगता येत नाही." मी मोठ्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही तेच म्हणाले. ते हो म्हणाले असते तर मी रडले असते, नाही म्हणाले असते तर मी झोपले असते. आता दोन्ही होत नाही.

 हे त्या संध्याकाळी फक्त म्हणाले, "मला वाटलं तू सांगितलं असशील." आणि शेजाऱ्यांना सांगत सुटले की दम्यानं झालं. तुलाही त्यांनीच तसं सांगितलं. मी पलीकडे उभी होते. मग फोन माझ्या हातात आला, तू रडत म्हणालास, "तू आहेस म्हणून आई आहे गं." मी ऐकून घेतलं. अकरा दिवस ऐकून घेतेय.

हे लिहायला तीनदा बसले. पहिल्या दोन पत्रांत 'तू सांगितलंस म्हणून दिली' असं होतं. ते खरंच आहे, पण ते पुढे करून मी मागे लपत होते. फाडून टाकली.

त्या शनिवारी एक पट्टी तयार होती. चिमटा हातात घेतला आणि अळीजवळ नेता येईना. यांनी जाड बोटांनी प्रयत्न केला, निम्म्या वाट्या फोडल्या. शेवटी पेटीत राणी परत सोडली. माश्या तासाभरात शांत झाल्या. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दवाखान्यातही नसतं. आईचे पाय चोळते, तिला समजतं की नाही कोण जाणे. केस विंचरते. परवा नर्स हळूच म्हणाली, "ताई, पुरे, टाळू लाल झालीय."

विमानतळावरून आधी घरी येऊ नकोस, सरळ दवाखान्यात जा. दुसरा मजला, उजवीकडची शेवटची खोली. मी बाहेरच्या बाकावर असेन. आईजवळ तू आधी एकटा बस. नंतर मला आत बोलवायचं की नाही ते तू ठरव. मी विचारणार नाही.

रागाव, बोलू नकोस, काय हवं ते कर. फक्त 'तुझी काही चूक नाही' एवढं म्हणू नकोस. ते इथे सगळेच म्हणताहेत.

धाकटी