अंड्याविना पुडिंग

बाबा, आज तुझा म्हाळ झाला. भट जेवून गेला आणि त्याची पाठ वळल्यावर तुझ्या पानावर मी पुडिंग वाढलं. बेकरीतल्या शिळ्या पेस्ट्र्यांचं, तू करायचास तसलंच. श्राद्धाच्या पानावर असलं काही बघून भट ताटावरून उठला असता, म्हणून तोवर ते फडताळात लपवून ठेवलं होतं. ही अक्कल माझी नव्हे, आईची. सकाळी अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "तो करतालो तसलें पुडिंग कर. ताच्या पानार वाड." वर बजावलं, म्हाळ आहे, अंडं घालू नको. मी विचारलं, कशाला त्याला पुडिंग? तर म्हणते, "मेल्ल्या मनशाक उपाशी दवरूं नये." ऐंशी उलटलेल्या बाईशी भांडणार तरी किती? पण शिळे क्रीमरोल कुस्करताना माझे हात असे चालत होते की बायकोने बाहेरून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

डिचोलीच्या बाजारातल्या त्या बेकरीत तू फोर्नवर, पाव भाजायच्या भट्टीवर होतास. राहिलेला माल तुझा मालक, पात्रांव, तुला घरी न्यायला द्यायचा. चेपलेले क्रीमरोल, कडा वाळलेले केक, एखादा तुटका पफ. एरवी ते आम्ही चहात बुडवून खायचो. पण आईला मारलंस की दुसऱ्या दिवशी तू स्वतः चुलीपुढे बसायचास. डब्यात साखर करपवायचास, पेस्ट्र्या दुधात भिजवायचास, अंडी फेटायचास, जायफळ किसायचास, आणि डबा पाण्याच्या टोपात ठेवून झाकणावर निखारे रचायचास. ते पुडिंग म्हणजे तुझी माफी. कधी मागितली नाहीस, नुसती शिजवलीस. आई त्याला बोट लावत नसे. आम्ही पोरं मात्र डबा चाटूनपुसून साफ करायचो. करपलेल्या साखरेचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि त्याच वेळी मी आईच्या तोंडाकडे बघायचो, आज कुठे सुजलंय ते.

सोमवारी आपल्या घरी शिवराक. मासळी नाही, अंडं नाही, कांदासुद्धा जपून. तेव्हा रविवारी मार पडला की सोमवारचं पुडिंग अंड्याविना व्हायचं. ते नीट धरत नसे, डबा उपडा केला की पसरायचं. पेस्ट्रीतच अंडं असतं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण ते बेकरीतलं, आपल्या चुलीवर फोडलेलं नव्हे, म्हणून चालायचं. तुझा धर्म असा काटेकोर. फक्त हाताला कधी शिवराक नव्हतं.

मग गोव्यात भाषेच्या आंदोलनाचे दिवस आले. मराठी की कोकणी यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला. तू मराठीवाला. बेकरीतून सुटलास की मोर्चाला, रात्री कपड्यांना जळक्या टायरांचा वास घेऊन घरी. घोषणा मराठीत द्यायचास आणि शिव्या कोकणीत, कारण घरात दुसरी भाषा बोलायला येत होती कोणाला? मामा कोकणीवाला. त्या रविवारी बस बंद होत्या, रस्त्यावर झाडं आडवी पडलेली. तरी तो पाळी गावाहून चालत आला, त्याच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला. आईने त्याला चहा दिला, तुझ्या बेकरीतला केक दिला. एवढाच तिचा गुन्हा.

तू दारात येतोस. मामाला बघतोस. पाहुण्यावर हात टाकत नाहीस, तेवढी रीत तुला कळते. तो निघेपर्यंत खांबाला टेकून थांबतोस. मामा पायऱ्या उतरून आगराच्या कडेला पोचतो आणि तू दाराला आडणा घालतोस. "कोणाक विचारून ताका घरांत घेतलो?" आई म्हणते, "म्हजो भाव तो. विचारूंक कित्याक जाय?" मग तू पाव काढायची जुनी फळी उचलतोस, जी बेकरीतून आणून आपण न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवली होती. पहिला घाव पाठीवर. दुसरा ती हातावर झेलते आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज होतो. तिच्या मनगटाचा. ती ओरडत नाही. मी ओरडतो. तू माझ्याकडे बघतोस, आणि मी गप्प होतो.

सोमवारी सकाळी तू पुन्हा चुलीपुढे. बंदमुळे माल खपला नव्हता, घरात ट्रेभर पेस्ट्र्या होत्या. साखर डब्यात वितळून तांबडी झाली होती, बुडबुडे येत होते. तू पेस्ट्र्या ओढून घ्यायला वाकलास, डावा हात जमिनीला टेकलेला, उजवा पुढे. आई कोपऱ्यातून उठली. मोडका हात पदरात बांधलेला. चांगल्या हाताने तिने पकडीत डबा धरला आणि सगळा पाक तुझ्या उजव्या हातावर ओतला. उकळतं पाणी निथळून जातं, पाक चिकटून बसतो. तू हात झटकलास तो भिंतीवर आपटला, आणि कातडी भिंतीला राहिली. तुझं ओरडणं शेजारच्या चार घरांनी ऐकलं आणि एकही दार उघडलं नाही. आईचं ओरडणं ऐकून तरी कधी उघडलं होतं? ती तुझ्यासमोर उभी राहून शांतपणे म्हणाली, "फाल्यांसावन हात लायलो जाल्यार दुसरोय उरचो ना." उद्यापासून हात उगारलास तर दुसराही राहणार नाही, एवढंच.

बाजारात तू सांगितलंस, फोर्नवर भाजलं. सगळ्यांनी हळहळ केली. तुझी तीन बोटं एकमेकांना धरून बसली, पीठ मळणं संपलं, पात्रांवने तुला गल्ल्याजवळ पाव मोजायला बसवलं. पुढे गोवा राज्य झालं तेव्हा तू अंगणात डाव्या हाताने फटाके लावलेस. तिला परत कधी मारलं नाहीस. पुडिंगही केलं नाहीस. लोक म्हणायचे, म्हातारा निवळला. निवळतो कसला. जिरवली होती तुझी.

आणि तीच बाई आज तुला खाऊ घालायला सांगते. मला याचा राग येतो, बाबा. भयंकर येतो. तिचं मनगट अजून पुरतं वळत नाही. त्याच वाकड्या हाताने तिने आज वाटी पुढे केली आणि जन्मात पहिल्यांदा ते पुडिंग खाल्लं. सावकाश, चमचा चाटून. म्हणाली, "गोड बरें जालां. तो साखर चड करपायतालो." तिने तुला माफ केलं असेल, नसेल, मला विचारायचं धाडस झालं नाही. मी केलेलं नाही. हे लिहितोय तेही कुठे पाठवायचं नाही, उद्या चुलीत जाईल.

तुझं पान मी मागच्या पत्र्यावर ठेवलं. कावळे लगेच आले, पाच-सहा. आजवर कुठल्याच म्हाळाला इतक्या घाईने आले नव्हते. तेव्हा मी बांबू घेतला. एकालाही बसू दिलं नाही. एकाच्या पंखाला लागला तरी थांबलो नाही. पुडिंग उन्हात पातळ होऊन पत्र्यावरून ओघळून गेलं, तोवर मारत सुटलो होतो. मग हातपाय धुऊन आत आलो. आईने विचारलं, "कावळो शिवलो?" मी म्हटलं, "शिवलो." तिने डोळे मिटले आणि कूस बदलून झोपली.