आपल्या घराण्याच्या पांढऱ्या पेशी

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (वाकलो असं समजा, अंगात प्रयोगशाळेचा डगला आहे). गुडघा जिना चढू देतो का? मामी अजून गोड खाऊ देत नसतील, तर बरंच आहे.

मागच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणालात, की भाच्याला बाटल्या विसळायला ठेवलंय. आता ऐका. आमच्याकडे गळवातल्या जंतूंचं विष माणसाच्या पांढऱ्या पेशींवर घालून बघतात. (या पेशी म्हणजे रक्तातले पहारेकरी, जंतू दिसला की गिळतात.) विष पेशीच्या अंगावरची एक ठरावीक कडी धरतं, भोक पाडतं, आणि पेशी फुगून फुटते. मेलेली पेशी आमच्या रंगात निळी दिसते. सोमवारी रक्तदाता आला नाही, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी माझंच रक्त घेतलं. शिपायाच्या पेशी मागे अर्ध्या तासात निळ्या झाल्या होत्या, बाईंच्या त्याहूनही लवकर. माझी तासाभरानेही एक निळी नाही. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला तीनदा डोळा लावला आणि म्हणाल्या, "तुझ्या पेशींना ती कडीच नसावी. असं क्वचित सापडतं." मामा, छाती अशी फुगली की डगल्याचं बटण तुटलं. हे बाबांकडून आलेलं नाही (त्यांना पंख्यानेही सर्दी होते), हे तुमच्याकडचं रक्त. दोन दिवस मी व्हरांड्याच्या मधोमध चाललो.

पुढच्या गुरुवारी प्रयोग पुन्हा आहे. आईच्या बाजूच्या कोणाचं रक्त मिळालं तर बाईंना हवंय. तरी दहा वाजता यावं.

आपला भाचा,
लटपट्या (हे नाव आता बदलावं)

ता. क. : पडताळ्यासाठी आम्ही विषाची एक नळी उकळून निकामी करून ठेवतो. आज फ्रीज आवरताना कळलं, की सोमवारी मी सगळीकडे तीच वापरली. खऱ्या विषाची नळी जशीच्या तशी भरलेली. बाईंना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या. मग म्हणाल्या, "लपवलं असतंस, तर वर्षभर त्या कडीमागे लागलो असतो. गुरुवारचा प्रयोग तूच कर." बाटल्या विसळणाऱ्याला म्हणाल्या, मामा.

आणखी एक ता. क. : रक्त माझंच घेणार आहेत, तुमचं नको. पण सोमवारी सुई दिसताच मी खुर्चीवरून घसरलो होतो. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तुम्ही माझं तोंड भिंतीकडे वळवून हात धरायचात. तेवढ्यासाठी या. शिपायाला सांगून ठेवलंय, मामा प्रयोग बघायला येताहेत.