शिवलेल्या चिठ्ठ्या

तारनाका, हैदराबाद
४ ऑगस्ट २०२४

ती. शांताआत्यास,
परागचे शि. सा. न. वि. वि.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. फुटका निघाला तर लगेच कळवा, पोस्टाची पावती जपून ठेवली आहे. त्यात चहामळ्यातल्या खुनाची ती जुनी मालिका आहे, तेराच्या तेरा भाग. बाबा सांगायचे, की बिदरच्या घरी तुम्ही दोघं ती पाहायचात आणि खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचात. शेवटच्या भागाच्या दिवशीच त्यांना रेल्वेत हजर व्हायला सिकंदराबादला यावं लागलं, आणि भावावाचून तुम्हीही तो पाहिला नाहीत.

प्रणितावहिनी सांगत होत्या, की ऐकू येईनासं झाल्यापासून तुम्ही टीव्हीच्या खोलीत येत नाही, ताटही आपल्या खोलीत मागवता. पडद्यावर बोलणं लिहून येत नाही, म्हणून ते मीच उतरवून काढलं आहे. पहिल्या चार भागांचे कागद सोबत आहेत. आमच्या दुकानातला गौतम मला हौला म्हणतो, म्हणजे खुळा. म्हणू दे. बाबा गेले. आता ती पुरी पाहणारं तुमच्याशिवाय कोणी नाही.

माझ्यावर माया आणि चुकांवर लाल शाई असू द्या.

आपला,
पराग

उदगीर
१२ ऑगस्ट

चि. परागास,
अनेक आशीर्वाद.

एवढे कागद काळे करायला तुला कामधंदा नाही काय रे? लाल शाई लागली नाही, हे कबूल. नववीत शाळा सोडून बसलास तेव्हा पत्रांतून तुला मराठी शिकवली, ती वाया गेली नाही.

पण पुढचे भाग पाठवू नकोस. दुसऱ्या भागात कंपाउंडर एकदम दचकून मागे वळतो. तुझ्या कागदावर तिथे कोणीच काही बोलत नाही. शिवराज, प्रणिता, नातू, सगळे दचकले. मी तेवढी दगडासारखी बसून. पुन्हा त्यांच्यात बसायची हौस नाही.

डबा आहे माझ्याकडे. दादा चिठ्ठी काढून नाव बदलायचा, म्हणून शेवटी मी दोन्ही चिठ्ठ्या सुईदोऱ्याने शिवून टाकल्या होत्या. मला तर दुसऱ्याच भागात कळलं, असं म्हणत त्याने महिनाभर माझा जीव खाल्ला. आता शिवलेल्याच राहू देत.

आईला जप.

तुझी आत्या,
शांता

तारनाका
२४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. मी बोलणं लिहिलं, आवाज लिहिलेच नाहीत. कंपाउंडर वळतो, कारण बाहेर सायकलची साखळी करकरते. चारही भाग डोळे मिटून पुन्हा ऐकले आणि नव्याने लिहिले. पावलं, कुलूप, बशीत ठेवलेला चमचा, सगळं आहे. जिथे काहीच ऐकू येत नाही, तिथे तसंही लिहिलं आहे. एका भागाला दोन संध्याकाळी लागतात.

तुम्ही पाहा किंवा पाहू नका, उरलेले नऊ मी पाठवणारच. हाती घेतलेलं मी फार थोडं पुरं केलं आहे. हे करणार.

रागावलात तरी पत्र टाकत राहा.

आपला,
पराग

उदगीर
९ सप्टेंबर

चि. परागास,
आशीर्वाद.

आठ भाग झाले. हौ, टीव्हीच्या खोलीतच बसून. सायकल पुन्हा आली हे मला नातवाच्या आधी कळलं, कारण तो मोबाइल पाहत होता आणि मी तुझा कागद. आता प्रणिताच कागद मागते, मी देत नाही.

शेवटचा भाग वेगळ्या पाकिटात घाल. आणि स्वयंपाक्याची वाक्यं इतकी ठळक लिहू नकोस, तुझा संशय कोणावर ते लगेच कळतं!

जेवत जा वेळेवर.

शांताआत्या

तारनाका
२२ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट सोबत आहे. मजकूर तीनदा तपासला. कृपा करून आधी उघडू नका.

एकच मागणं आहे. बाबा जिंकले की हरले, ते खरं कळवा. माझं मन राखू नका.

वाट पाहतो.

पराग

उदगीर
३० सप्टेंबर

चि. परागास,
अनेक आशीर्वाद.

काल सगळ्यांना समोर बसवून शेवटचा भाग पाहिला. खुनी निघाली मॅनेजरची बायको, आणि सायकल तिचीच. प्रणिताने कात्री आणून दिली. टाके माझ्या हातचे, उसवायला वेळ लागला.

माझ्या चिठ्ठीत कंपाउंडर. म्हणजे मी हरले.

दादाच्या चिठ्ठीत एवढंच होतं: शांती लिहील तोच.

बघ लबाड! महिनाभर मिशीला पीळ देत फिरला आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी इतक्या मोठ्याने हसले, की शेजारचे डोकावून गेले म्हणे. मला कुठे ऐकू येतंय? मग थोडी रडलेही, पण तिथेच, सगळ्यांत बसून.

खरं कळवा म्हणालास, तर खरं हे, की तुझा बाप हरला, आणि माझ्यावर विश्वास ठेवून हरला. चिठ्ठी तुला पाठवते आहे. दोरा मी ठेवून घेतला.

आता दुसरी जुनी मालिका शोध. पण तुझी चिठ्ठी आधी इकडे आली पाहिजे, शिवून. आणि तीत माझं नाव लिहायचं नाही.

तुझी हरलेली आत्या,
शांता