सहा पडला, मी निघाली

स्वरदा,

तुझी स्कूटी घेऊन मी बीरगांवच्या शाळेत चालली, गाण्याच्या टीचरच्या इंटरव्ह्यूले! "मम्मी, पागल हो क्या?" म्हणशील. हव, आहे!

आयुष्य सुधारायच्या तुझ्या त्या पुस्तकांतले सहा धडे आपण फाशाच्या आकड्यांवर वाटले होते ना? सकाळी जो आकडा पडेल, तो धडा दिवसभर पाळायचा. सहावर तूच लिहिलं, "ज्याची भीती वाटते ते आजच कर." सहा पडला की मी म्हणायची, लुडोत सहाले आणखी एक डाव मिळते. मग पुन्हा फासा टाकून पाणी जास्त पिण्याच्या सोप्या धड्यावर सुटून जायची. आज सकाळी पुन्हा सहा पडला. हात फाशाकडे गेलाच होता, तेवढ्यात मले लुडोचा दुसरा नियम आठवला.

वरण कुकरमधे आहे, भात तू लाव. बाबांनी विचारलं तर मावशीकडे गेली म्हणू नको, या वेळी खरं सांग. चिडले तर चिडू दे, पापड भाजून दे.

तो दुसरा नियम लहानपणी तूच मले शिकवला होता, पोट्टे. सहा पडल्याशिवाय गोटी घरातून बाहेर निघत नाही.

आई