दहावा रिबाउंड

मी, शशिकांत यशवंत गर्गे, वय एकोणसाठ, मूळ राहणार नाशिक, हल्ली मुक्काम ओल्ड एअरपोर्ट, दोहा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझी अक्कल ठिकाणावर होती का, अशी शंका जावई देवव्रत काढेल. त्याने अकलेवर बोलू नये.

१. नाशिकचा स्वकष्टार्जित फ्लॅट आणि बँकेतील सर्व ठेवी पत्नी विभावरीच्या. तिच्यानंतर एकुलती कन्या नुपूरच्या. देवव्रतचे नाव कोणत्याही कागदावर लागू नये, विजेच्या बिलावरसुद्धा नाही.

२. गॅस प्रकल्पात तीस वर्षे मी प्रेशर गेज तपासले. ती हत्यारांची पेटी आमचा टेक्निशियन, बीडचा रामेश्वर, याला द्यावी. काटा खोटे दाखवतो आहे हे त्याला नुसत्या नजरेने कळते. आमच्या जावयाला एमबीए होऊनही कळत नाही.

३. सुटीच्या दिवशी मी इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल सामन्यांत नोंदणीच्या टेबलावर बसत असे. गुण कोणाचे, हुकलेला चेंडू पकडला कोणी, म्हणजे रिबाउंड कोणाचा, हे मी लिहायचो. ते पेन कोणालाही देऊ नये. फेकून द्यावे. कारण पुढे येईल.

४. सारे शहर फुटबॉलच्या विश्वचषकासाठी रंगरंगोटी करत असताना आमच्या दिवट्या जावयाला बास्केटबॉलचा रोग जडला. फोनवरच्या कुठल्याशा बाजारात, अमुक खेळाडू आज दहा रिबाउंड घेईल का, याचे 'हो' आणि 'नाही' विकत मिळतात. "बाबा, हा जुगार नाही, प्रेडिक्शन मार्केट आहे. डेटा स्टडी करावा लागतो," असे तो माझ्याच घरी, माझ्याच ताटातले थालीपीठ खात मला शिकवत होता. गेल्या फेब्रुवारीत त्याने नुपूरच्या पाटल्या मोडून चौदा नंबरच्या खेळाडूवर 'हो' घेतले आणि सामन्याआधी मलाच फुशारकीने सांगितले. उथळ पाण्याला खळखळाट फार. टेबलावर मी बसणार आहे, हे त्या महाभागाच्या डेटात नव्हते.

चौदा नंबरच्या नावावर नऊ लागले. पाटल्या गेल्या. "शेवटचा रिबाउंड त्याचाच होता, बाबांनी दुसऱ्याच्या नावावर टाकला!" असे देवव्रत माझ्या दिवाणखान्यात ओरडत होता. नुपूरने मला एकदाच विचारले, "बाबा, हा खरं बोलतोय का?"

मी म्हणालो, "खलास, विषय संपला. हरलेला माणूस काहीही बोलतो."

"पाटल्या गेल्या ते मी सोसलं असतं, पण तू माझ्या वडिलांवर आळ घेतलास," असे नवऱ्याला सांगून ती माझ्या छोट्या नातीला, ईराला, घेऊन नाशिकला निघून गेली. त्याला आठ महिने झाले.

५. चेंडू चौदा नंबरनेच पकडला होता. दोन्ही हातांनी, माझ्या डोळ्यांसमोर. जावयाची जिरवावी म्हणून मी तो शेजारच्या खेळाडूच्या नावावर लिहिला. आयोजकांसाठी दुरुस्तीचे पत्र सोबत जोडले आहे. देवव्रत मूर्ख आहे, यातले एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण त्या दिवशी तो खरे बोलत होता आणि मी खोटे. याची मला लाज वाटते.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. याची एक प्रत मी आजच नुपूरला पाठवली आहे. शस्त्रक्रियेआधी तिचा फोन आला नाही, तरी कलम १ बदलू नये.

साक्षीदार: अनंतराव चांदोरकर, नीता बोरगावकर (दोघांनी माझ्यासमोर वाचून सही केली.)

सही: शशिकांत यशवंत गर्गे
दोहा, १४ ऑक्टोबर २०२२