शकू डाव्या हाताला बसायची

केळीच्या वाडीत घसरलेल्या माणसाचं ढुंगण सुजतं रे, गाल नाही. साधं खोटंसुद्धा तुला धड बोलता येत नाही, आणि तुझ्या आईने त्यावर मान डोलावली. दोघं मला म्हातारी नाही, म्हैस समजलात.

प्रिय मितेश,

तू पुण्याला नोकरीवर गेलास, तेव्हापासून तुझा कॉम्प्युटर मीच लावते. तू दाखवलंस तसं बटण दाबते, ते काळंपांढरं बदक येतं आणि मग गाणी. सगळं गाव विंडोज लावतं, तुलाच हे लिनक्सचं खूळ कशाला, म्हणून मी तोंड सोडलं होतं. तू म्हणालास, आजी, बाकीचे गाण्यात आपलं तिखटमीठ घालतात, हे जसंच्या तसं पोचवतं. मशीनचे टणटण आवाजही तू बंद केलेस, गाण्याच्या मध्ये कोणी तोंड घालू नये म्हणून. असा निरोप पोचवणारं माणूस आपल्या घरात एकही नाही, हे मला तेव्हाच पटलं.

मग दोन माइक लावून तू माझी आणि माझ्या बहिणीची, शकूची, हळदीची गाणी भरलीस. शकू जन्मभर माझ्या डाव्या हाताला बसली. तू गाणं लावलंस, तर स्पीकरच्या डाव्या पेटीतून ती आणि उजव्या पेटीतून मी. ती चैत्रात गेली, तरी त्या मशीनमध्ये डावीकडे बसलेलीच होती. तू पुण्याला गेल्यावर मी लावून बघते, तर डावी पेटी मुकी. शकूचा आवाज माझ्याच पेटीतून, जशी काय माझ्या मांडीत येऊन बसली.

तुझा दोस्त प्लासिड, त्याला बोलावलं. म्हटलं, मेल्या, पेटी फुटली असेल, बघ. त्याने वायरी उलटसुलट लावल्या. पेटी धडधाकट. मग मशीनच्या पोटात काय लिहिलंय ते उघडलं आणि पोरगा चपला शोधायला लागला. हुकूम तूच लिहिलेला. दोन्हीकडचा आवाज उजवीकडे घाल, डावीकडे काही सोडू नको. तारीख होती तू 'घसरलास' त्याच्यानंतरची.

मी विळा उचलला तेव्हा प्लासिड बोलला. तुझ्या कानावर ते हेडफोन होते. पाण्याचा पंप बंद कर, म्हणून तुझा बाप बळ्या ओरडत होता, तुला ऐकू गेलं नाही. बळ्या आत आला, हेडफोन ओरबाडून फेकले, म्हणाला, ऐकू येत नाही ना, मग कायमचंच नको येऊ दे. आणि उघड्या पंजाने डाव्या कानावर हाणलं. परत हाणलं. रक्त मानेवर उतरलं. माणिकपूरचा डॉक्टर म्हणाला, पडदा फाटला. मी त्या वेळी वसईच्या बाजारात अळूच्या जुड्या विकत बसले होते.

काल तुझा बाप जेवत होता, मी मुसळ घेऊन समोर बसले. जेवू दिलं, ताटावरून उठवायची आपल्यात रीत नाही. हात धुतला, तसं त्या ओल्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज अगदी तुझ्या मशीनसारखा आला, त्यात कोणी काही मिसळलं नव्हतं. आये, मी तुझा पोरगा, म्हणून बोंबलला. म्हटलं, म्हणून तर कान ठेवला. दुसरा हात उगारला, तर मुसळ खांद्यावर बसलं. तुझी आई मध्ये पडली, तिच्या कपाळाला टेंगूळ आलंय. येऊ दे. आता तो प्लास्टर घालून तुझ्या दिनानाथ मामाकडे पडलाय. घर माझ्या नावावर आहे, हे त्याला आठवण करून दिलंय. या उंबऱ्याच्या आत परत आला, तर दुसरं मनगट आहेच.

ही मर्दुमकी सांगायला मी लिहीत नाही. प्लासिड म्हणतो, फाटलेला पडदा नीट करता येतो, पण तू डॉक्टरकडे परत गेलाच नाहीस, कोणी मारलं ते सांगावं लागेल म्हणून. आता सगळ्या गास गावाला ठाऊक आहे, लपवायला काही उरलं नाही. ये आणि कान नीट करून घे. प्लासिड डावी बाजू उघडून द्यायला निघाला होता, मी त्याचा हात झटकला. ती तूच उघडायचीस, तुझ्या डाव्या कानाने ऐकून. तोवर शकू बसेल माझ्या मांडीत, जड झाली तरी.

तुझीच,
आजी

फोन करू नको. फोन तू उजव्या कानाला लावतोस आणि गोड गोड खोटं बोलतोस. उत्तर तूच लिहायचंस, तुझ्या हाताने. आईकडून निरोप आला तर चुलीत घालीन.